सर्व्हर बंद असताना

नगरपालिकेत मृत्यूचे दाखले देण्याचं काम माझ्याकडे होतं, तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी पान पुन्हा उघडलं, वायर काढून लावली, कॉम्प्युटर दोनदा बंद करून सुरू केला. मदत केंद्राच्या फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, थोडी वाट बघा." तेच मी खिडकीपुढच्या रांगेला सांगत राहिलो. एकेक जण कुरकुरत निघून गेला. त्याच त्या उत्तराचा मलाही शीण आला होता.

शेवटी बाकावर एक बाई तेवढ्या उरल्या. त्यांना नवऱ्याचा दाखला हवा होता.

"ताई, उद्या या. आज काही खरं नाही," मी म्हणालो.

"बसते की. मला घाई नाही. मुलगा म्हणतो, लवकर आण. पण कागद हातात आला की संपलंच ना सगळं."

इतकी वर्षं मी समजत होतो, खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला घाईच असते.

तीनच्या सुमारास सर्व्हर सुरू झाला. त्यांच्या नवऱ्याचं नाव समोर आलं, पण माझा हात पुढे होईना. मी बाटली उघडून सावकाश पाणी प्यायलो आणि मगच प्रिंट काढली.