ही रेघ कुनाची?

नेवाशाच्या तहसील कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळणारे एक कारकून होते. पाटबंधारे कचेरीतून फायली मागायला मी सारखा त्यांच्याकडे जायचो. चिठ्ठी दिली की ते चष्मा पुसायचे आणि आकड्यांमधल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवायचे. "ही रेघ कुनाची?"

आधी मला चीड यायची. पण मग कळलं, आमच्याकडे १४/२ म्हणजे फायली बांधलेला चौदावा रुमाल आणि त्यातली दुसरी फाईल. त्यांच्याकडे तेच म्हणजे चौदा सर्व्हे नंबरचा दुसरा हिस्सा. कोर्टात तर रेघेपुढं साल.

एकदा कालव्यात जमीन गेलेल्या एका म्हातारीची फाईल आमच्या साहेबांनी तातडीनं मागवली. चिठ्ठीवर नुसतं १४/२.

"रुमालच असणार," मी म्हणालो.

"असनार म्हनून चालत न्हाई. चुकीची फाईल गेली तर म्हातारीचं नाव भरपाईतनं ऱ्हाईल."

टोपी घालून ते भर उन्हात माझ्याबरोबर आमच्या कचेरीत आले. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "सर्व्हे नंबर." चिठ्ठीवरची रेघ खोडून कारकुनांनी अक्षरी लिहिलं: सर्व्हे नंबर चौदा, हिस्सा दोन.

माझी बदली झाली तेव्हा त्यांना नवा पत्ता लिहून दिला. घर नंबर ७/३. त्यांचं बोट पुढं आलं. ते बोलायच्या आत मी कागद परत घेतला आणि लिहिलं: सात नंबरची चाळ, तिसरी खोली.

"आता पत्र पोचंल," ते म्हणाले.