माठाचे तीन वाफे

आमच्या घरात मांजर नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

साल एकतीस-बत्तीस असेल. महाडजवळच्या नाते गावाहून लग्न होऊन मी उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आठ घरांच्या वाडीत आले, त्याला दोन वर्षं झाली होती. हे मुंबईला गिरणीत. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची. आत्या पन्नाशीच्याही अलीकडच्या, आणि जीभ तर त्याहून तरुण. माझी भाकरी, माझं सारवण, माझं चालणं, कशातही त्यांना खोट सापडायची. मीही काही गरीब गाय नव्हते. एकूण आमचं बरं चाललं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा दिवेलागणीच्या वेळी आत्यांनी चुलीवरचं भाताचं मडकं उचललं आणि चुलीशेजारच्या वैलावर ठेवायच्या ऐवजी बाजूला, अधांतरी सोडून दिलं. मडकं फुटलं, भात जमिनीवर.

"मांजर आडवा आला गो," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवू लागले. दिवसा आत्यांना समोरच्या डोंगरावरचं वासरूसुद्धा कुणाचं ते ओळखता यायचं. पण ऊन उतरलं की त्या ओटीवर बसायच्या त्या उठायच्याच नाहीत. उठल्याच तर एक हात भिंतीला. पाण्याचा तांब्या पुढ्यात असला तरी मलाच मागायच्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

माघात माहेरी गेले तेव्हा वडिलांबरोबर महाडला जाऊन वैद्यबुवांना विचारलं. ते म्हणाले, "हा रातांधळेपणा. हिरवी पालेभाजी रोज पोटात गेली पाहिजे. हयगय केलीत तर दिवसाची नजरही जाईल."

मला भीती वाटली. आत्यांचा राग यायचा, पण त्या कायमच्या चाचपडत बसलेल्या मला बघवल्या नसत्या. भांडायलासुद्धा समोरचं माणूस डोळस हवं.

आता पालेभाजी आणायची कुठून? भात झोडून झालं की पाऊस पडेपर्यंत आमच्या वाडीत हिरवं पान नसायचं. कुळीथ, वाल आणि सुकट. एकुलता एक शेवगा होता, तोही आदल्या पावसात मोडला होता. मी आईकडून माठाचं बी पदराच्या गाठीत बांधून आणलं, आणि शिवरात्र झाल्यावर ओटीच्या उजव्या अंगाला, न्हाणीचं पाणी वाहून जायचं तिथे, तीन वाफे केले आणि भोवती बांबू-फांद्यांचं कुंपण घातलं.

"हितं उन्हाल्यात भाजी व्हते काय गो?" आत्या ओटीवरून म्हणाल्या. "नात्याची हौस नात्याला ठेवायची."

"मला माठ आवडतो," मी म्हटलं.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. त्यांनी लपवलेलं मी उघडं केलं असतं तर त्यांनी भाजीला हात लावला नसता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा खेळ दोघींचाही चालला होता.

मी गोठ्यातलं ताजं शेण उचलून वाफ्यात कालवायला घेतलं, तर ओटीवरून हाक आली. "ओला शेण नको. मुला जलतील. उकिरड्याच्या तलाचा घे, काला झालेला." मुळं जळायला नकोत म्हणून मी उकिरडा उकरला; तळाचं खत खरंच भुसभुशीत निघालं. बी रुजलं. भांडी विसळलेलं पाणी, झऱ्यावरून आणलेले दोन जास्तीचे हंडे, पानांवर माव्याची कीड पडली की सकाळच्या दवात चुलीतली राख, असं करत रोपं चार बोटं वर आली.

आणि होळी आली. होळीसाठी कुणाचंही लाकूड उचलावं, आणि होळीत गेलेलं परत मागू नये, ही आमच्याकडची रीत. पौर्णिमेला सकाळी उठून बघते तर माझं कुंपण गायब! वाडीतल्या गड्यांनी बांबू, फांद्या, सगळं उपटून नेलेलं. शेतं रिकामी झाल्यावर गुरं मोकळी सुटलेली असतात. त्यांना माझा माठ म्हणजे जेवणाचं आमंत्रणच. शिमगाच होता, तेव्हा मी मनसोक्त बोंब मारून घेतली. मग काठी घेऊन दिवसभर वाफ्यापाशी बसले. सणाचा स्वयंपाक राहिला तो राहिला. आश्चर्य म्हणजे आत्या त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या कोयता घेऊन गेल्या. दुपारी परत आल्या तर डोक्यावर करवंदीच्या काट्यांचा हा एवढा भारा, हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

"तुझ्यासाठी नाय आनला," म्हणाल्या. "खायची वस्तू गुरांच्या तोंडी देऊ नये."

काट्यांचं कुंपण आम्ही दोघींनी मिळून केलं. तेव्हा मला कळलं की माठ कुणाच्या डोळ्यांसाठी लावलाय ते आत्यांना माहीत आहे. मी त्यांच्या हातातले काटे काढले, त्यांनी काढू दिले.

पहिली खुडणी होळीनंतर दहा दिवसांनी. मग रोज माठ. लसूण घालून, डाळ घालून, नुसता मिठाचा. खुडला की पुन्हा फुटायचा. आत्या बिनतक्रार खायच्या, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटायची. पाडवा गेला, तरी संध्याकाळी हात भिंतीलाच. मी मनातल्या मनात वैद्यबुवांना शिव्या घालू लागले.

चैत्र संपत आला असेल. दिवस मावळला होता. वाफ्याला पाणी घालून मी आत आले आणि कुंपणाच्या तोंडाचा आडवा बांबू लावायला विसरले. चिमणी पेटवत होते तेवढ्यात ओटीवरून आत्या ओरडल्या, "अगो, गाय शिरली वाफ्यात! धाव!"

मी बाहेर आले. अंधारून आलं होतं, मलाच धड काही दिसेना. आवाजावरून म्हणाल्या असतील, म्हणून विचारलं, "कुणाची?"

"खालच्या घरची, दुसऱ्या कुनाची? कपालावर चांद हाय, दिसत नाय तुला?"

मी डोळे ताणून पाहिलं. पांढरा चांद होता खरा. मी मटकन पायरीवर बसले आणि रडायलाच लागले. माठ चालला होता तो जाऊ दे. तीन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता.

"रडतेस काय गो? हाकल तिला!"

"मांजर असेल, आत्या," मी डोळे पुसत म्हटलं.

आत्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "मांजराला शिंगा असतात काय गो?" आणि हसल्या. कोपऱ्यातली काठी उचलून, भिंतीला हात न लावता, त्या माझ्या बाजूने चारही पायऱ्या उतरून गाईमागे गेल्या.