शुक्रवारची पेटी, रविवारचा तबला

मस्कतमधली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी तशी चार-पाच गाड्यांत मावेल एवढीच. तीही गेल्या वर्षी फुटली. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एका बैठकीत माझे साडू उठले आणि म्हणाले, "प्रभूचा दिवस रविवार. ऑफिस सुटलं की संध्याकाळी जमू." निम्मे लोक त्यांच्यामागे गेले. मी तत्त्वाचा मुद्दा काढून शुक्रवारला चिकटलो. तत्त्व कसलं डोंबलाचं! रविवारी बौशरच्या ऑफिसातून वादी अदाईला घरी पोचलो की मला सोफ्यावरून उठवत नाही. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. तिला ते माहीत असणारच, ही गोष्ट वेगळी.

वाटणीत पेटी आमच्याकडे आली, कारण वाजवणारा मी. तबला तिकडे गेला, कारण वाजवणारे साडू. तेव्हापासून आमची गाणी मयताच्या चालीने सरकतात आणि त्यांची, मेव्हणी सांगते, वरातीसारखी पळतात. बहिणी-बहिणी रोज तासभर फोनवर असतात. आम्ही दोघे मात्र सुपरमार्केटात समोरासमोर आलो की कांदे निवडायला लागतो.

मागच्या शुक्रवारी पाळकांनी पहिल्या शतकातल्या मंडळ्यांवर बोध केला. छळामुळे पांगलेली ती माणसं एकमेकांची तोंडं पाहायला कशी झुरत होती, हे सांगताना त्यांनी डोळे पुसायला रुमाल काढला. मीही काढला. बायको कानाशी कुजबुजली, "अहो, त्यांच्यामध्ये समुद्र होते. तुमच्यामध्ये अझैबाचा सिग्नल आहे."

रविवारी पेटी गाडीत घातली आणि निघालो. चर्चच्या हॉलमध्ये साडू एकटेच तबला लावत बसले होते. मला पाहून त्यांची हातोडी थांबली.

"काय साडूभाऊ, वार चुकलात?"

"छे. पेटीला जरा हवा लागावी म्हटलं."

"काळी दोन?"

"काळी एक. आवाज चढत नाही आता."

"तरी बरं, कबूल करताय."

मी सूर धरला. ते ठोकत राहिले, उतरवत राहिले, आणि एका क्षणी तबला पेटीला लागला. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "शुक्रवारी कितीला असतं तुमचं?"

"साडेआठ. म्हणजे नऊ."

"सव्वानऊला येतो," ते म्हणाले. "टपूनच बसलो होतो असं दिसायला नको."