जमनायाडीनं अडवलेली पाठवणी

मी आज जो काही आहे, तो जमनायाडीमुळे. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. ती माझी सख्खी आई नव्हती. सेनगावजवळच्या आमच्या तांड्यात शेजारच्या घरात राहायची. महिन्यापूर्वी ती गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी वर्गावर होतो. उरलेला धडा पोरांनाच वाचायला सांगितला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाऊस लागोपाठ हुकत होता. नाला दिवाळीआधीच आटायचा, तरणी माणसं ऊसतोडीला जायची, आणि मागं राहिलेल्यांत पाण्यावरून अशी भांडणं, की दोन सख्ख्या जावा एकमेकींच्या दारापुढून जात नसत. अशात नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, नाल्याकाठचे करंज वीटभट्टीला विकायचं ठरवलं. कागद लिहायला तांड्यातला पहिला बी.ए. शिकणारा होताच! मी वळणदार अक्षरात करार लिहून दिला.

सकाळी भट्टीवाल्यानं धाडलेले लाकूडतोडे रसूलभाई कुऱ्हाड घेऊन आले. पहिला घाव बसला आणि जमनायाडी धावत आली. तिनं खोडाला मिठी मारली आणि ढावलो सुरू केला. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीचं रडगाणं. ते कानावर आलं की घरात बसायचं नाही, जाऊन गळ्यात पडायचं, ही आमची रीत. सगळ्या बायका धावल्या. त्या दोन जावाही आल्या, आणि एकाच झाडाला दोन बाजूंनी बिलगून रडल्या.

"अम्मा, झाडाची बिदाई करून राहिली का?" रसूलभाई हसले.

"व्हय. लेक घेऊन चालला, तर सासर कोणतं ते तरी सांग."

"...भट्टी हाय, अम्मा."

"भट्टीत लेक देत न्हाई आमी. जा, पाणी पी अन् घरी जा."

रसूलभाई खरंच पाणी प्यायले. "मला बी चार लेकी हायत," म्हणाले आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाले. नायक करार दाखवू लागला, तर याडीनं तो माझ्या हातात दिला. "अक्षर चांगलं हाय तुझं, लेकरा. आता मागल्या बाजूनं घरांची नावं लिही." एकेका घरानं एकेक झाड लेक म्हणून घेतलं. पुढं लग्न होऊन जाणारी प्रत्येक मुलगी निघण्याआधी काठावर एक रोप लावू लागली. नाला काही बारमाही झाला नाही, खोटं कशाला सांगू? पण आता पाणी होळीपर्यंत टिकतं, आणि बायका तिथं एकत्र धुणं धुतात, एकमेकींना टोमणे मारत हसतात. कुठलीही योजना आली नव्हती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं हे केलं, आणि ती आमच्या तांड्याची होती, हे मी आज मान वर करून सांगतो.

परवा तिच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा तिच्या सुनेनं ट्रंकेतून माझंच एक पत्र काढून दिलं. झाडं वाचली त्या दिवशी याडीचा निरोपही न घेता मी कॉलेजच्या गावी, हिंगोलीला, परत गेलो होतो. तिथून पाठवलेलं ते पत्र असं:

"याडी, साष्टांग नमस्कार. हे पोस्टमनकडून वाचून घे, त्याला कळेल याची मला लाज नाही. झाडं नुसती उभी राहून काय देऊन राहिली, विकून टाका, हे नायकाच्या डोक्यात मीच घातलं होतं. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. घरांची नावं लिहिताना आमच्या घराचं नाव मी लिहिलं नाही. घाव बसलेलं झाड वाळेल म्हणून कुणीच घेतलं नाही, ते मी पाहिलं. ते मला दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, पाणी मीच वाहीन. तोवर कुणाला देऊ नको."