धुऱ्यावर टांगलेला वर्ग

मला राग लवकर येतो. शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे, पोरांना तर फारच चांगलं ठाऊक आहे. माझा राग तोंडातून निघतो आणि तिथंच संपतो, असं मी लोकांना सांगत असे. गेल्या पावसाळ्यात तो तोंडातून निघून मोबाइलमध्ये शिरला, आणि तेव्हापासून मी हे वाक्य म्हणायचं सोडून दिलं आहे.

राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात, खैरलांजीच्या बाजूच्या एका सरकारी शाळेत मी विज्ञान शिकवते. पुस्तक हिंदी, परीक्षा हिंदी. घरी मात्र माझ्या वर्गातली बरीचशी पोरं आमची ही अशी विदर्भाकडची मराठी बोलतात, आणि अर्धं वाक्य झालं की हिंदीवर जातात. मीही तशीच. माझ्या घरचे मूळचे भंडाऱ्याकडचे.

मागच्या उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना बालाघाटला बोलावून मोबाइल आणि स्मार्ट टीव्हीवर कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण दिलं. मला ते मनापासून आवडलं, खोटं काहून बोलू. पोरांनी मोबाइलवर उत्तर दिलं की पडद्यावर लगेच दिसतं, किती जणांचं बरोबर अन् किती जणांचं चूक. पडद्यावर पानाचा एवढासा तुकडा मोठा करून दाखवता येतो. शिकवणारे साहेब थंडगार हॉलमध्ये उभं राहून फार गोड बोलत होते. शेवटी मी हात वर करून विचारलं, सर, पोरगं वर्गातच नसलं तर काय करायचं? ते म्हणाले, "मैडम, बच्चों को जोड़कर रखिए." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझ्या बाजूला बसलेल्या रामपायलीकडच्या मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी विचारलं ते उगाच नव्हतं. आमच्याकडे शाळा सुरू होऊन जरा लय धरते न धरते तोच रोवणा येतो. चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, धानाची रोपं हातानं लावायची असतात, आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. अख्खं गाव चिखलात उतरतं. मोठ्या पोरी तर हमखास जातात. हजेरीच्या ॲपमध्ये माझा वर्ग त्या दिवसांत मिरची वाळत घातल्यासारखा लालेलाल दिसतो.

त्या लाल नावांमध्ये एक नाव होतं जे मला झोपेतही दिसायचं. नववीतली पोरगी, मागच्या वर्षी नववीतच नापास झालेली. डोकं नव्हतं म्हणून नापास झाली असती तर मी काही बोलले नसते. या पोरीनं एकदा मला विचारलं होतं, "मॅडम, पानं श्वास घेतात तर पुराच्या पाण्यात बुडलेला धान काय करते?" मी म्हटलं उद्या सांगते. उद्या सांगते म्हणजे आज मलाही माहीत नाही. रोवण्यात तिचे सुरुवातीचे धडे गेले, मग पुढचं समजेना, मग ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि गप्प झाली. अशी नापास झाली ती.

गेल्या पावसाळ्यात रोवणा लागायच्या तोंडावर तिची आई शाळेत आली. रोवणा करणाऱ्या बायांची एक टोळी ती चालवते. उंच, सडसडीत बाई, फार बोलत नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, पोरगी उद्यापासून येणार नाई. अन् यंदाबी मांगं पडली तर मंग घरीच राहीन." मी काही बोलायच्या आत निघूनही गेली. पोरगी दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी ठरवलं, पोरगी वर्गात येत नसेल तर वर्ग पोरीकडे जाईल. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होताच. मी मोबाइल तोंडासमोर धरून पहिला पाठ आवाजात भरला, चांगल्या पुस्तकी हिंदीत. 'प्रिय विद्यार्थियों' पासून सुरुवात. चांगला लांबलचक झाला. स्वतःच ऐकला आणि स्वतःवर खूष झाले. ग्रुपवर कोणी हूं का चूं केलं नाही. नंतर समजलं, गावाच्या त्या बाजूला नेटवर्क इतकं मरतुकडं आहे की माझा पाठ दिवसभर नुसता गोल गोल फिरत राहिला होता.

मग मी शहाणी झाले. पाठ छोटा केला, चहा उकळेपर्यंत संपेल एवढा. एका पाठात एकच गोष्ट. आधी घरच्या बोलीत समजवायची, मग परीक्षेत लिहायचे हिंदी शब्द दोनदा म्हणायचे, आणि शेवटी एक प्रश्न विचारून गप्प बसायचं. उत्तर लिहायचं नाही, बोलून पाठवायचं. चिखलाच्या हातानं कोण लिहिणार?

उत्तरं येऊ लागली. त्या पोरीचं पहिलं उत्तर ऐकलं तर तिच्या आवाजामागं पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, बांगड्या, आणि बायांचं हसणं. मला वाटलं होतं पोरगी कुठं कोपऱ्यात बसून ऐकत असेल. तसं काही नव्हतं. मोबाइल आईचा. रोवताना कोणाचेच हात कोरडे नसतात, म्हणून तो प्लास्टिकच्या थैलीत घालून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काडीला टांगलेला असायचा, आवाज पुरा वाढवून. माझा पाठ त्या पोरीसाठी होता, पण ऐकत होती अख्खी टोळी. गाणी म्हणून कंटाळल्या की कोणीतरी म्हणायचं, लाव वं मॅडमले. मी विचारलं होतं, भर दुपारी पान आपली छिद्रं काहून बंद करते? पोरगी उत्तर द्यायच्या आधीच मागून एक बाई बोलली, "ऊन लागते म्हनून दार लावते, अजून काय." बरोबर होतं. त्याच्यामागून पोरीनं रंध्र, वाष्पोत्सर्जन, सगळे शब्द नीट सांगितले. मी तो मेसेज घरात सगळ्यांना ऐकवला. सांगू नये, पण नाचायचीच बाकी होते.

एवढं चाललं असताना एका दुपारी आमच्या मोठ्या सरांचा, म्हणजे हेडमास्तरांचा मेसेज आला. ही पोरगी सतत गैरहजर आहे, नाव चालू ठेवायचं की नाही? लाइट गेलेली, पंखा बंद, अंगाची लाही लाही होत होती. मी व्हरांड्यात उभी राहून बटण दाबलं आणि सुरू झाले. "सर, ती पोरगी माझ्या वर्गात सगळ्यात हुशार आहे. सगळ्यात. नापास झाली ती चिखलामुळे, डोक्यामुळे नाई. ती विचारते ते प्रश्न मले पुस्तक उघडून पाहा लागतात. अन् तिची माय, काय आडमुठी बाई आहे सर. सोन्यासारखी पोरगी चिखलात बुडवून राह्यली. माझ्या वर्गात असती तर या बाईले मी दिवसभर ओणवं उभं केलं असतं." पाठवून दिलं, हलकं वाटलं, चहा प्यायला गेले.

परत येऊन पाहते तर वर्गाच्या ग्रुपवर एका पोराचा मेसेज. "मैडम, ये कौन से चैप्टर का है?"

ग्रुप उघडला तर माझाच मेसेज तिथं पडलेला. सरांचं नाव खाली होतं, ग्रुपचं वर. घाईत मी वरचं दाबलं होतं. लगेच सगळ्यांसाठी मिटवून टाकलं, पण बैल गेला अन् झोपा केला. धुऱ्यावरच्या त्या मोबाइलमधून माझा आवाज साऱ्या बांधीवर घुमून गेला असणार. आईच्या टोळीसमोर मी आईला आडमुठी म्हटलं होतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाठ पाठवला. पोरीचं उत्तर नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. माझ्या मनात एकच, की आता ती बाई पोरीला काही शाळेत पाठवत नाही, आणि ते माझ्या या जिभेमुळे. जेवण गोड लागेना. शेवटी शाळा सुटल्यावर स्कूटी काढली आणि सरळ त्यांच्या बांधीवर गेले.

टोळी ओळीनं वाकून रोवत होती, एक एक पाऊल मागं सरकत. पोरगी मधे होती. मला पाहून तिनं मान खाली घातली. मी धुऱ्यावर उभी, चपला हातात, आणि माफी कशी मागायची ते मनात जुळवत होते.

आई वर न पाहताच म्हणाली, "मॅडम, मी सकायपासून ओणवीच हावो. अजून किती वाकू?"

साऱ्या बाया खदखदून हसल्या. एक जण तर पाण्यातच बसली. मलाही हसू आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही. मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं. मी तसं बोलाले नको होतं." ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली, हातातली रोपं बाजूला टाकली आणि चालत माझ्याजवळ आली.

"ते जाऊ द्या. पोरगी तं लाजून तुमाले उत्तरच देत नोती. तो मेसेज काहून मिटवला तुमी?"

मला समजेना. "अहो, तुम्हाले वाईट वाटलं असेल ना."

"मले हिच्या बापाले आयकवाचा होता," ती म्हणाली. "तो नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर हाये. रोज फोनवर म्हणते, नापास पोरीले काय शिकवतं, घरी बसव. मी कितीबी सांगतलं तरी म्हणते, तुले काय समजते." तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मॅडम, शाळेतून आमाले बलावणं येते ते पोरगी आली नाई म्हनून, नाईतर नापास झाली म्हनून. ते हुशार हाये, असं आमाले कोणीच सांगतलं नोतं. तुमी शिव्या देता देता सांगतलं."

मी आईला दोष देत होते, आणि ती बिचारी रोज फोनवर पोरीसाठी भांडत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि त्याहून मला लागलं ते दुसरंच. मी पडद्यावर पान मोठं केलं, पाठ छोटा केला, प्रश्न विचारून गप्प बसायला शिकले. पण पोरगी हुशार आहे हे मी मोठ्या सरांना सांगत होते. ज्यांना सांगायला हवं ते चिखलात उभे होते. मला त्या धुऱ्यावर खरंच लाज वाटली.

"मंग आता पुन्हा बोला," आई म्हणाली. पोरगी हात धुऊन मोबाइल घेऊन आली. मी घसा साफ केला आणि बोलले, नमस्कार भाऊ, तुमची मुलगी अतिशय गुणी आहे. आईनं हातानंच थांबवलं. "असं नाई. असं गोड बोललं तं त्याले वाटन मीच पढवलं. रागानं बोला, जसं तवा बोलल्या तसं. मले आडमुठी म्हणा, चालते."

ठरवून राग आणणं मला जमेना. मग मी पोरीकडे पाहिलं. ती मोबाइल धरून माझ्यासमोर उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि ओठ घट्ट दाबलेले. त्या पोरीचं सगळं आता या एका मेसेजवर होतं, आणि तिला ते माहीत होतं. राग आपोआप आला. मी म्हटलं, "भाऊ, तुमची पोरगी माझ्या वर्गात सगळ्यात हुशार आहे. ती मागं पडलेली नाई, रोवता रोवता शिकून राह्यली, अन् वर्गात बसलेल्या पोरांपेक्षा चांगलं शिकून राह्यली. तिले घरी बसवलं तर मी नागपूरले येईन अन् तुम्हाले ओणवं करीन. तुम्हीच आडमुठे आहा. तुमच्या बायकोले मी उगीच म्हटलं." बायांनी पुन्हा हसायला सुरुवात केली आणि ते हसणंही त्याच्यात भरलं गेलं. आईनं मान हलवली. पाठवून दिलं.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात असताना पोरीनं मला एक मेसेज पुढं पाठवला. बापाचा आवाज होता. मागं लोखंडी सळाखी आदळल्याचा खणखणाट, कोणी कोणाला हाका मारत होतं.

"मॅडम, डब्याच्या वेळेले लावला मेसेज, अन् आमच्या साऱ्या लोकांनी आयकला. आता मले सारे हासून राह्यले. रोवणा सरला का पोरगी येईन शाळेत. मी नाई म्हनत नाई आता." मग नुसत्या सळाखीच वाजत राहिल्या. मला वाटलं संपलं. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, हळू. "मॅडम, ते हुशार म्हणाल्या ना तुमी, ते खरं हाये ना?"

पोरांना मी पान उघडायला सांगितलं, व्हरांड्यात आले, आणि मेसेज न करता सरळ त्याला फोन लावला.