आईच्या गालावरची खूण

माझे भावोजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, फोटो स्टुडिओत रिटचिंग करतात. कुणाची पुटकुळी घालव, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं उजळ, हाच दिवसभराचा उद्योग. माणूस लाखात एक, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. बहीण तापाचं निमित्त होऊन गेली तेव्हा थोरला पाच वर्षांचा होता आणि धाकटी नुकती पाऊल टाकायला लागलेली. अशा मुखदुर्बळ माणसाने करावं काय? ब्लॉग सुरू केला. "ताई, मुलांना आई माहीत असायला हवी," एवढंच मला म्हणाले.

दर रविवारी तिचा एक फोटो आणि खाली चार ओळी. लिहायचे, चहात साखर घालायला तुमची आई विसरायची आणि वर मलाच म्हणायची, तुमची जीभ बिघडलीय. भाजीवाल्याशी अशी हुज्जत घालायची की शेवटी तोच हात जोडायचा. मी दूरच्या गावी नोकरीत. मोबाइलवर वाचायचे आणि पदराने डोळे पुसायचे. त्या एवढ्याशा फोटोत मला ती माझ्या मनातल्यासारखीच दिसायची.

यंदा निवृत्त झाले आणि त्यांच्याकडे राहायला गेले. धाकटी आता चौदा वर्षांची आहे. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून तपकिरी खूण आहे, बोटभर रुंद, कानापासून ओठाकडे उतरलेली. घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पोरीला वाईट वाटू नये म्हणून हं! मीही त्यातलीच.

एका दुपारी आम्ही दोघी कॉम्प्युटरवर ब्लॉग बघत बसलो होतो. मी विचारलं, "अगं, दादाचे ढीगभर फोटो, आणि तुझा एकही कसा नाही?"

"मीच टाकू देत नाही." मग तिने आईच्या फोटोवर बोट ठेवलं. "आई बघ ना मावशी, किती छान होती. तुमच्याकडे कुणालाच नाही असं काही. मीच एक कुठून उपटले कोण जाणे."

मी चष्मा सारखा करून स्क्रीनजवळ गेले. माझ्या बहिणीचा डावा गाल कोरा करकरीत होता. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा, सगळीकडे तेच. माझं डोकंच फिरलं.

भावोजी कामावरून आले, तर चपलाही काढू दिल्या नाहीत मी. "खूण कुठे गेली तिची?"

ते तसेच खुर्चीत बसले. "सवयीने हात गेला, ताई. पहिल्याच फोटोत पुसली. मग बाकीच्यांत ठेवली तर विचित्र दिसेल, म्हणून सगळ्यांतली..."

"मूळ फोटो?"

"त्यांच्यावरच सेव्ह केलं. जुने उरलेच नाहीत."

"अहो, डोकं ठिकाणावर होतं का तुमचं? लहानपणापासून कॅमेरा दिसला की गाल लपवायची ती. आमच्याकडच्या एकाही फोटोत दिसत नाही तो. फक्त तुमच्या कॅमेऱ्यासमोर सरळ उभी राहिली, आणि तुम्हीच खूण पुसलीत!"

त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

"कसली खूण?" धाकटी दारात उभी होती.

"तुझ्यासारखीच," मी म्हटलं. "याच गालावर. तू झालीस तेव्हा तुझी आई गालाला गाल लावून म्हणाली, ताई, ही माझीच बरं का, आता कोणी नाही म्हणून दाखवावं!"

मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. "मग इतकी वर्षं मला कोणी सांगितलं का नाही?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी भावोजींनी बहिणीचा एक फोटो उघडला आणि खूण परत रंगवायला घेतली. काढली, पुसली, पुन्हा काढली. शेवटी माउसवरचा हात थांबला.

"वरची कड आठवते, ताई. खाली ओठाकडे कशी वळायची, ते आठवत नाही."

मीही आठवून पाहिलं. सख्खी बहीण माझी, एका पांघरुणात वाढलो, आणि मलाही आठवेना! मला हुंदकाच फुटला.

धाकटीने खुर्ची ओढली. बापाच्या शेजारी, दिव्याकडे गाल करून बसली.

"माझी बघून रंगवा, बाबा," ती म्हणाली. "मी हलणार नाही."