हिरव्या बोटीतला माणूस

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या तलावावर दर शनिवारी तो माझ्या आधी आलेला असायचा. साठीचा गोरा माणूस, छोटी हिरवी बोट, कानांवर ओढलेली लोकरी टोपी. पाण्यात बुडालेल्या एका झाडापाशी तो नांगर इतका अलगद सोडायचा, की पाण्याला पत्ता लागत नसे. मग गळाला लावलेला रबरी मासा तळावरून असा सावकाश ओढायचा, की बघून माझाच धीर सुटायचा. आणि पट्टेरी पर्च मासे त्यालाच लागायचे! हात ओले करून तो मासा धरायचा, क्षणभर बघायचा आणि सोडून द्यायचा. फोटोसुद्धा नाही. इथे सगळे मासा सोडूनच देतात. "सोडायचाच तर पकडतोस कशाला?" असं माझी बायको विचारते. ती मालवणची आहे.

मी त्याच्यासारखाच रॉड घेतला, तसलाच रबरी मासा घेतला. काही उपयोग नाही. शेवटी माझी बोट त्याच्याजवळ नेऊन विचारलंच, "तुमचं सीक्रेट काय?"

तो हसला. इंग्रजीत म्हणाला, "तू सारखा माझ्या गळाच्या दोरीकडे बघतोस. जरा स्वतःच्या दोरीकडे बघ."

नुसता जळफळाट झाला माझा.

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. मी त्याच्या झाडापाशी नांगर टाकला आणि तासाभरात असा दांडगा पर्च लागला, की त्यानेही कधी काढला नसेल. ओल्या हातांत मासा धरून मी मान वर केली आणि नजरेने सगळा तलाव धुंडाळला. हिरवी बोट कुठेच नव्हती.

लेकाच्याला नेमकी आजच दांडी मारायची होती!